दुसऱ्याच्या शेताचा पीकविमा : 'द बिग शॉर्ट'मधला सौदा नेमका काय होता

२०२२ च्या मे महिन्यापासून रिझर्व्ह बँकेने रेपो रेट, म्हणजे ती बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, वाढवायला सुरुवात केली आणि वर्षभराच्या आत तो ४ चा ६.५ टक्के झाला, तेव्हा ज्यांचं ज्यांचं फ्लोटिंगचं, म्हणजे बदलत्या व्याजाचं, होमलोन होतं त्या सगळ्यांना बँकेचे मेसेज आले. मलाही आला. हप्ता तोच राहिला पण मुदत वाढली, १८० महिने उरले होते त्याचे जवळजवळ २७० झाले, म्हणजे साडेसात वर्षं जास्त, आणि मी एक रुपयाही नवीन उचललेला नव्हता. त्या रात्री झोप आली नाही आणि 'द बिग शॉर्ट' परत लावला. आधी एकदा बघितला होता पण सीडीओ, सीडीएस, सिंथेटिक वगैरे सुरू झालं की धागा सुटायचा. या वेळी सुटला नाही, कारण व्याजदर हलला की घरात काय होतं ते नुकतंच बघितलं होतं. तेव्हापासून ज्यांना ज्यांना हा सिनेमा अर्धवट कळलाय त्यांना मी तो समजावून सांगतोय, आता एकदा सगळं लिहूनच काढतो.

सिनेमा २०१५ चा, दिग्दर्शक अॅडम मकाय, मायकल लुईसच्या पुस्तकावरून केलेला, आणि त्याच्या पटकथेला ऑस्कर मिळालं. गोष्ट खरी आहे, काही नावं बदललीत. मायकल बरी हे खरं नाव, हा शिकलेला डॉक्टर, एक डोळा काचेचा, कॅलिफोर्नियात स्वतःचा छोटा फंड चालवायचा. मार्क बॉम, हाही फंडवालाच, म्हणजे खरा स्टीव्ह आइसमन. जॅरेड व्हेनेट म्हणजे ड्यूश बँकेचा ग्रेग लिपमन. आणि गॅरेजमधून ट्रेडिंग सुरू केलेली ती दोन पोरं आणि त्यांना मदत करणारा बेन, ती पण खऱ्या माणसांवरूनच. या सगळ्यांनी २००५ ते २००७ च्या दरम्यान एकच ओळखलं की अमेरिकेतली घरकर्जं बुडणार आहेत, आणि ती बुडाली तर आपल्याला पैसे मिळतील असा सौदा करून ठेवला. आपल्याकडे शेअरबाजारात तेजीवाले आणि मंदीवाले म्हणतात ना, तर ही मंदीवाली माणसं. शॉर्ट करणं म्हणजे तेच, भाव पडण्यावर पैसे लावणं.

आता पहिला प्रश्न, बुडणार हे त्यांना कळलं कसं.

तिथलं त्या काळातलं कर्ज बघा. पत कमी असलेल्या, म्हणजे आपल्या भाषेत सिबिल खराब असलेल्या माणसाला दिलेलं कर्ज म्हणजे सबप्राइम. पहिली दोन वर्षं व्याज ठरलेलं आणि कमी, नंतरची २८ वर्षं फ्लोटिंग. समजा २ लाख डॉलरचं कर्ज आहे ३० वर्षांचं आणि सुरुवातीला ७ टक्के, तर हप्ता येतो साधारण १३३० डॉलर. तिसऱ्या वर्षी दर १० टक्के झाला की तोच हप्ता १७४० च्या आसपास जातो. आपल्याकडे मुदत वाढवतात म्हणून धक्का लगेच जाणवत नाही, तिथे महिन्याला ४०० डॉलर जास्त द्यायचे, आणि पगार तेवढाच. त्यात अमेरिकेची मध्यवर्ती बँक जून २००४ ते जून २००६ मध्ये व्याजदर १ टक्क्यावरून ५.२५ टक्क्यांवर घेऊन गेली. म्हणजे २००५ मध्ये घेतलेल्या कर्जाचा हप्ता २००७ मध्ये उडी मारणार हे कागदावर तारखेसकट लिहिलेलं होतं. बरीने वेगळं काही केलं नाही, त्याने ते कागद वाचले. अशी हजारो कर्जं एकत्र करून त्यांचे बाँड, म्हणजे कर्जरोखे, विकले जायचे, त्यांची माहितीपत्रकं सव्वाशे-दीडशे पानांची असायची, कुणालाही मिळायची आणि कुणीच वाचायचं नाही.

मग लोक तोपर्यंत हप्ते भरत कसे होते? घराचे भाव वाढत होते म्हणून. दोन वर्षं झाली की वाढलेल्या भावावर नवीन कर्ज काढायचं, जुनं फेडायचं, परत दोन वर्षं स्वस्त हप्ता. भाव वाढायचे थांबले की हे चक्र थांबणार. २००६ च्या मध्यावर भाव वाढायचे थांबले.

आणि बँकेने अशी कर्जं दिलीच का, हे मला सगळ्यात जास्त लोक विचारतात. उत्तर असं की देणाऱ्याने ते कर्ज स्वतःकडे ठेवलंच नाही, महिन्या-दोन महिन्यांत पुढे विकलं. वसुलीची चिंता ज्याला नाही तो कुणालाही कर्ज देईल. सिनेमात बॉमची माणसं फ्लोरिडाला जातात तो भाग नीट बघा. दोन ब्रोकर भेटतात, तरुण पोरं, ते सरळ सांगतात की उत्पन्नाचा रकाना कोरा सोडला तरी चालतं. एक बारमध्ये नाचणारी बाई भेटते, तिच्या नावावर पाच घरं आणि एक कॉंडो म्हणजे फ्लॅट, आणि फ्लोटिंग म्हणजे काय हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. आणि एका घराचं दार उघडतो एक भाडेकरू. अंगावर टॅटू, जवळ लहान मुलगा. त्याला विचारतात की घरमालकाचे हप्ते थकलेत माहितीये का, कागदावर तर हे नाव आहे. तर ते नाव घरमालकाच्या कुत्र्याचं निघतं. हॉलमध्ये लोक हसतात इथे. पण त्या भाडेकरूचं पुढचं वाक्य ऐका, तो म्हणतो मी भाडं वेळेवर देतोय, मला घर सोडावं लागेल का, पोरगं आत्ता कुठे शाळेत रुळलंय. त्याची काहीच चूक नाही आणि त्याच्याकडे कर्जही नाही.

आता येतो किचकट भाग. सिनेमात मार्गो रॉबी बाथटबमध्ये बसून बाँड समजावते आणि शेफ अँथनी बोर्डेन न खपलेल्या मासळीचं कालवण करून सीडीओ समजावतो, दोन्ही छान आहे, पण मला आपल्या कालव्यावरून जास्त नीट सांगता येतं.

धरण आहे, त्यातून कालवा निघालाय. हजारो लोकांचे घराचे हप्ते म्हणजे धरणात येणारं पाणी. कालव्यावर वरती हेडला काही शेतं, मध्ये काही, शेवटी टेलला काही. आवर्तन सुटलं की पाणी आधी हेडवाल्याला, त्याचं भरलं की मधल्याला, उरलं तर टेलला. कालव्यावर शेती असलेल्या कुणालाही विचारा, पाणी थोडं कमी झालं की सगळ्यात आधी कोण कोरडं राहतं, टेलवाला. मॉर्गेज बाँड म्हणजे हेच. हेडची शेतं म्हणजे ट्रिपल ए, म्हणजे सगळ्यात सुरक्षित, रेटिंगचे तुकडे, पैसे आधी मिळणार म्हणून व्याज कमी. टेलची शेतं म्हणजे ट्रिपल बी, शेवटी मिळणार म्हणून व्याज जास्त. इथपर्यंत काही चुकीचं नाही, १९७० च्या दशकाच्या शेवटी वॉल स्ट्रीटवरच्या सॉलोमन ब्रदर्सच्या ल्युईस रानिएरीने मॉर्गेज बाँडचा धंदा मोठ्या प्रमाणावर सुरू केला तेव्हा आतली कर्जं चांगली होती आणि तो धंदा प्रामाणिकपणे चालू शकत होता.

अडचण अशी झाली की टेलची शेतं घ्यायला गिऱ्हाईक मिळेना. मग वॉल स्ट्रीटने काय केलं, शंभर वेगवेगळ्या कालव्यांवरची फक्त टेलची शेतं गोळा केली आणि त्यांचा एक नवीन कालवा बनवला. त्यात परत हेड, मध्य, टेल असे भाग पाडले. आणि रेटिंग एजन्सीकडून, म्हणजे बाँड किती सुरक्षित हे ठरवणाऱ्या कंपनीकडून, त्यातल्या जवळपास ८० टक्के भागावर ट्रिपल ए, म्हणजे बारमाही बागायत, असा शिक्का मारून घेतला. हा सीडीओ, कोलॅटरलाइज्ड डेट ऑब्लिगेशन. सगळी मूळची टेलची शेतं, त्यातली ८० टक्के एका कागदाने बागायत झाली!

हिशोब काय मांडला त्यांनी? की हे कालवे वेगवेगळ्या ठिकाणचे आहेत, एक कॅलिफोर्नियाचा, एक फ्लोरिडाचा, एक नेवाडाचा, सगळीकडे एकाच वर्षी दुष्काळ पडणार नाही. अमेरिकेत देशभर एकदम घरांचे भाव पडणं १९३० च्या दशकानंतर झालेलं नव्हतं म्हणून त्यांच्या मॉडेलमध्ये ती शक्यता जवळजवळ नव्हतीच. आपल्याकडे १९७२ चा दुष्काळ बघितलेल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाने सांगितलं असतं की पडतो, सगळीकडे एकदम पडतो. आणि इथे तर सगळ्या शेतांवर एकच पीक होतं, त्याच काळातली, तशीच दोन वर्षांनी हप्ता वाढणारी कर्जं.

टेल किती लवकर कोरडी पडते हे पण बघा. व्हेनेट लाकडी ठोकळ्यांचा मनोरा घेऊन येतो त्या सीनमध्ये तो सांगतो की थकबाकी ८ टक्क्यांवर गेली की ट्रिपल बीचे बरेच तुकडे शून्य होतात, आणि ती तेव्हाच ४ टक्क्यांवर आहे. म्हणजे शंभरातल्या ९२ लोकांनी हप्ते नीट भरले तरी टेल कोरडी, आणि सीडीओ तर सगळा टेलचाच बनलेला, म्हणून तो थोडा थोडा बुडत नाही, बुडाला की एकदम सगळा बुडतो. हा एक मुद्दा समजला की अख्खा सिनेमा समजतो.

रेटिंग एजन्सीने शिक्का का दिला? कारण फी बाँड बनवणाराच देतो. सिनेमात स्टँडर्ड अँड पूअर्सच्या ऑफिसात डोळ्यांवर काळे चष्मे लावलेली बाई बसलीये, ती शेवटी बोलून जाते की आम्ही नाही दिलं तर ते जवळच्याच मूडीजकडे, म्हणजे दुसऱ्या रेटिंग एजन्सीकडे जातील. पुढे २०१५ मध्ये स्टँडर्ड अँड पूअर्सने अमेरिकेच्या सरकारला आणि राज्यांना मिळून १३७.५ कोटी डॉलर देऊन या रेटिंगांचं प्रकरण मिटवलं. आपल्याकडेही फी देणारा तोच आहे, आणि २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही पायाभूत प्रकल्पांना पैसे पुरवणारी कंपनी ऑगस्टपर्यंत ट्रिपल ए होती आणि सप्टेंबरमध्ये डिफॉल्टच्या रेटिंगवर आली. म्हणून हा सीन मला नुसता अमेरिकेचा वाटत नाही.

बरं, मंदीवाल्यांकडे येऊ. शेअर शॉर्ट करता येतो, घर शॉर्ट करता येत नाही. मग बरीने बँकांना जाऊन सांगितलं की या बाँडवर मला विमा विका. हाच सीडीएस, क्रेडिट डिफॉल्ट स्वॉप. माझं शेत नाही, बियाणं नाही, मी फक्त दुसऱ्याच्या टेलच्या शेताचा पीकविमा काढतो, दरवर्षी हप्ता भरतो, पीक गेलं तर पूर्ण रक्कम मला. खऱ्या आयुष्यात त्याने मे २००५ मध्ये ड्यूश बँकेकडून पहिला सौदा घेतला, सहा बाँड निवडून प्रत्येकावर १ कोटी डॉलर. सिनेमात तो गोल्डमन सॅक्स या बँकेच्या मीटिंगरूममध्ये दाखवलाय आणि समोरचे लोक खूश होऊन विकतात, कारण त्यांना वाटतं फुकटचे हप्ते मिळणार. टेलच्या विम्याला वर्षाला शंभर रुपयांमागे साधारण दोन-अडीच रुपये पडायचे. गॅरेजवाल्या पोरांनी आणखी पुढचं ओळखलं. त्यांनी सीडीओच्या वरच्या भागाचा, डबल ए तुकड्यांचा विमा काढला, तो वर्षाला शंभर रुपयांमागे पन्नास पैशात मिळत होता, कारण हेडचं शेत कोरडं पडेल असं कुणाच्या डोक्यातच नव्हतं. पण तिथलं हेड पण टेलचंच होतं ना!

आता यात फायदा दिसतो पण दुखणं दिसत नाही. विम्याचा हप्ता दरवर्षी जातच असतो. २००५ गेलं, २००६ गेलं, बरीचे गुंतवणूकदार शिव्या घालायला लागले की आमचे पैसे शेअरसाठी दिले होते आणि तू घरांवर विमे काढतोयस. शेवटी त्याने पैसे काढायलाच बंदी घातली, त्यावर कोर्टाच्या धमक्या आल्या. तो एकटा बसून ड्रम वाजवतो ते उगाच नाहीये. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे २००७ च्या सुरुवातीला, कर्जं धडाधड थकायला लागली, न्यू सेंच्युरी नावाची मोठी सबप्राइम कंपनी एप्रिलमध्ये दिवाळखोरीत गेली, तरी या विम्याचे भाव हलेनात. म्हणजे शेतं जळताना दिसतायत आणि विमा कंपनी सांगतेय पीक उत्तम आहे. भाव सांगणाऱ्या त्याच बँका होत्या ज्यांना तो बाँड अजून गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारायचा होता. बॉमचा राग इथून येतो आणि मला तो पूर्ण पटतो.

मात्र एका गोष्टीवर मी सिनेमापेक्षा थोडं जास्त कडक बोलणार आहे. सिंथेटिक सीडीओ. सेलेना गोमेझ आणि अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर पत्त्यांच्या टेबलावर समजावतात, की तिच्या डावावर मागचा माणूस पैज लावतो, त्याच्या पैजेवर आणखी मागचा लावतो. आपल्या कालव्याच्या भाषेत, मी दुसऱ्याच्या शेताचा विमा काढला, मी दरवर्षी हप्ता भरतोय, तर माझ्या त्या हप्त्यांच्या पैशालाच पाणी समजून बँकेने आणखी एक कालवा बनवला आणि विकला. त्यात शेत नाहीच. आणि त्याच एका शेतावर कितीही विमे निघू शकतात. म्हणून घरकर्जांपेक्षा कितीतरी मोठं नुकसान झालं. आता विचार करा, हा नवीन कालवा बनायला विमा काढणारा कुणीतरी लागतोच. म्हणजे मंदीवाला नसेल तर सिंथेटिक सीडीओ बनतच नाही. आपले हिरो नुसते आग बघत उभे नव्हते, त्यांच्या सौद्यातूनच आणखी सरपण तयार होत होतं. याचं टोक सिनेमात नसलेल्या जॉन पॉल्सनच्या प्रकरणात दिसतं, गोल्डमनने अबॅकस नावाचा सौदा विकला, त्यातली कर्जं निवडताना पॉल्सनच्या फंडाचा हात होता आणि तोच फंड ते बुडण्यावर पैसे लावून बसला होता, हे घेणाऱ्यांना सांगितलं नाही म्हणून २०१० मध्ये गोल्डमनने ५५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. बरी किंवा आइसमनने असं केलं असं मी म्हणत नाही, त्यांनी ओरडून सांगायचा प्रयत्नही केला. तरी फायदा स्वच्छ होता असं मला म्हणता येत नाही.

मग २००८. मार्चमध्ये बेअर स्टर्न्स ही गुंतवणूक बँक विकली गेली, १५ सप्टेंबरला तशीच दुसरी, १५८ वर्षं जुनी लेहमन दिवाळखोरीत, आणि दुसऱ्याच दिवशी एआयजीला सरकारी ८५ अब्ज डॉलरचं कर्ज. ही एआयजी म्हणजे विमे विकून बसलेली कंपनी, नुकसानभरपाईचे पैसे बाजूला ठेवलेलेच नव्हते. सरकारने ते दिले नसते तर पीकविमा काढणाऱ्यांपैकी कित्येकांना कागद हातात घेऊन बसावं लागलं असतं. सरकारी पैशातून विम्याचे पैसे चुकते झाले, हे विसरू नका.

आपल्यापर्यंतही झळ आली होती. पवईत लेहमनचं मोठं बॅक ऑफिस होतं, ते नंतर जपानच्या नोमुराने घेतलं. आयसीआयसीआय बँकेच्या ब्रिटनमधल्या उपकंपनीचे पैसे लेहमनमध्ये अडकल्यावरून अफवा उठली, एटीएमबाहेर रांगा लागल्या आणि बँकेकडे पुरेसा पैसा आहे असं रिझर्व्ह बँकेला जाहीर सांगावं लागलं. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरमध्ये ८ हजारांच्या खाली येऊन गेला. पण आपल्याकडे कर्जं अशी तुकडे करून विकायचा धंदा तेवढा वाढलेला नव्हता आणि रिझर्व्ह बँकेने रिअल इस्टेटच्या कर्जांवर आधीच चाप लावला होता, म्हणून घरं जाण्यापर्यंत वेळ आली नाही.

सिनेमात जिंकण्याचे दोन सीन आहेत, ते लागोपाठ बघा. पहिला लास वेगासमधला. पोरांचा सौदा पक्का झालाय, आनंदाने नाचतायत, आणि बेन त्यांना थांबवतो. तो म्हणतो आपण बरोबर ठरलो तर लोकांची घरं जातील, नोकऱ्या जातील, पेन्शन जाईल, तेव्हा नाचू नका. शेवटी पडद्यावर आकडा येतोच, एकट्या अमेरिकेत ८० लाख लोकांच्या नोकऱ्या गेल्या, ६० लाख लोकांची घरं गेली. तो भाडेकरू पण परत दिसतो, बायको-मुलं घेऊन गाडीत राहतोय.

दुसरा सीन बॉमचा. त्याचा फंड मॉर्गन स्टॅन्ली या बँकेच्या छत्राखाली आहे आणि मॉर्गन स्टॅन्ली स्वतःच डगमगतेय. त्याची माणसं फोनवर सांगतायत की आपले विमे आत्ताच विक, उशीर केलास तर पैसे देणारंच कुणी उरणार नाही. तो गच्चीवर बसलाय, विकत नाहीये. त्याला माहितीये की विकलं की आपण पण त्या बँकवाल्यांमधलेच एक. त्याची माणसं वाट बघत राहतात, फोन चालूच आहे. बऱ्याच वेळाने तो म्हणतो, ठीक आहे, सगळं विका.